मालवणातलं गेमवाल्या काकांचं दुकान: पाच पैकी पाच, आणि का ते सविस्तर

पाच पैकी पाच देतेय. खुर्च्या जुन्या, एसी नाही, पीएस फाईव्ह (सोनीचं गेम खेळायचं मशीन, प्लेस्टेशन) एकच आणि त्याला रविवारी नंबर लावावा लागतो, पावसात गल्लीत घोट्याएवढं पाणी, हे सगळं माहीत असून पाच देतेय. गेमिंग कॅफे, म्हणजे तासाचे पैसे देऊन गेम खेळायची दुकानं, मी पुण्यात बघितलेत, मुंबईत बघितलेत, गोव्यात पण बघितलेत, लाल-निळे लाईट आणि गुबगुबीत रेसिंग सीट सगळीकडे असतात, पण ज्याला गेम ही गोष्टच मनापासून आवडते असा माणूस काउंटरमागे बसलेला मी फक्त इथे बघितला.

दुकान बाजारपेठेतल्या एका आतल्या गल्लीत आहे, चिऱ्याचं जुनं कौलारू घर आणि त्याच्या पुढच्या दोन खोल्या. बोर्डावर नाव नाही, नुसता रंगवलेला कंट्रोलर, म्हणजे हातात धरून गेम खेळायचं बटणांचं यंत्र, आहे, कोणालाही "गेमवाल्याकडे जायचंय" म्हटलं की रस्ता दाखवतात. बाहेरच्या खोलीत चार टीव्ही, तीन पीएस फोर, एक पीएस फाईव्ह आणि भिंतीला लागून दोन पीसी. आतल्या खोलीत रिपेअरचं टेबल आणि जुन्या मशिनी, त्याबद्दल खाली लिहिते कारण खरी मजा तिथेच आहे. पीएस फोर तासाला ५० रुपये, पीएस फाईव्ह ८०, आतल्या जुन्या मशिनी २०. दुपारी शाळेच्या युनिफॉर्मात कोणी आलं तर खेळायला देत नाहीत, शाळा सुटल्यावर घरी सांगून ये म्हणतात आणि हे अगदी कडक पाळतात.

आत गेल्यावर काका "कुठला गेम लावू" असं विचारत नाहीत. विचारतात, "तुका काय आवडता?" म्हणजे मारामारी आवडते की गाड्या, गोष्ट आवडते की कोडी, एकटीला खेळायचंय की कोणाबरोबर. माझी एक मैत्रीण कुडाळवरून आली होती, दारातच म्हणाली मी काय गेमर वगैरे नाही हां, मोबाईलवर कँडी क्रश खेळते तेवढंच. काकांनी विचारलं कितव्या लेव्हलला आहेस, ती म्हणाली चार हजारच्या वर, आणि काका चक्क खुर्चीतून उठले, "अगो, मगे गेमर आणखी कोण असता?" मग आम्हा दोघींना शेजारी बसवून इट टेक्स टू लावून दिला. २०२१ चा गेम, त्याच वर्षी द गेम अवॉर्ड्समध्ये गेम ऑफ द इयर ठरला, आणि तो एकट्याने खेळताच येत नाही, दोघं लागतातच, एके ठिकाणी तर एकाकडे हातोडा असतो आणि दुसऱ्याकडे खिळे आणि दोघांनी मिळून वाट काढायची. तिने आयुष्यात कंट्रोलर धरला नव्हता. कंट्रोलरवर दोन छोट्या काड्या असतात, डाव्या काडीने चालायचं आणि त्याच वेळी उजव्या काडीने कॅमेरा फिरवायचा हे नव्या माणसाला खरंच अवघड जातं, आपण लहानपणापासून करतो म्हणून विसरून जातो. काका स्टूल घेऊन शेजारी बसले, भिंतीकडे तोंड करून ती अडकली तरी बसून राहिले, आणि कंट्रोलर तिच्या हातातून एकदाही काढून घेतला नाही. नवीन माणूस अडकला की "दे इकडे, मी करतो" म्हणणारे खूप बघितलेत मी, त्यांना गेम येत असतो पण समोरच्याला तो आवडावा असं त्यांना वाटत नसतं. काकांना ते वाटतं.

खरा गेमर कोण यावरून तिथे संध्याकाळी हमखास वाद पेटतो. कॉलेजच्या पोरांचं म्हणणं की ग्राफिक्स कार्डवाला पीसी नसेल तर तो गेमरच नाही, मोबाईलवाले तर धरायचेच नाहीत. मोबाईलवाले म्हणतात आमची बीजीएमआयमध्ये (पबजीचा भारतातला अवतार) रँक बघा आणि मग बोला. तिसरा गट एल्डन रिंग या महाकठीण गेमवाल्यांचा, त्यांच्या मते सोप्या मोडवर खेळला तर तो गेम संपवलाच नाही. मला यातलं काहीच पटत नाही आणि का पटत नाही ते मला याच दुकानात बसून नीट कळलं.

पबजी मोबाईल आपल्याकडे २ सप्टेंबर २०२० ला बंद झाला. मग जुलै २०२१ मध्ये बीजीएमआय आला, जुलै २०२२ मध्ये तोही स्टोअरमधून गेला, मे २०२३ मध्ये परत आला. ज्यांचं सगळं लक्ष रँकवर होतं ती पोरं गेम गेल्याबरोबर गेली, काही रील्सवर गेली, काही सट्ट्याच्या ॲपवर गेली हे जास्त वाईट. पण चारपाच पोरं काकांकडे आली आणि म्हणाली आता काय खेळू. काकांनी त्यांना दोन पीसी जोडून काउंटर स्ट्राईक हा गोळीबाराचा गेम लावून दिला आणि खेळता खेळता सांगितलं की हा गेम कुठल्या मोठ्या कंपनीने नाही सुरू केला, मिन्ह ले आणि जेस क्लिफ या दोन पोरांनी हाफ लाईफ या गेमवर मॉड म्हणून, म्हणजे आहे त्या गेममध्ये बदल करून, १९९९ मध्ये आणला, आणि तुमच्या पबजीचं पण तसंच आहे, ब्रेंडन ग्रीन नावाच्या माणसाने आधी आर्मा टू या गेमवर मॉड केला, त्यातून पुढे २०१७ चा पबजी उभा राहिला. पोरं खेळायची थांबून ऐकत होती. त्यातला एक मुलगा आता स्वतः नकाशे बनवतो, त्याने धक्का, जेटी आणि समोर सिंधुदुर्ग किल्ला असा नकाशा अर्धा करून काकांच्या पीसीवर ठेवलाय, मी त्यात फिरून आले, तटाची वळणं बऱ्यापैकी जमलीत. माझ्या दृष्टीने खरा वेडा हा. आपला आवडता गेम बंद पडला तर त्याची खेळाची भूक मरत नाही, तो दुसरा शोधतो, जुना शोधतो, नाहीतर स्वतः बनवायला बसतो.

दशावताराचा दर्दी माणूस कसा आडदशावतारापासून, म्हणजे नाटकाआधीच्या सुरुवातीच्या भागापासून, येऊन बसतो, नुसता शेवटच्या लढाईला येत नाही, तसंच हे. गेम कुठून आला, कोणी केला, असा का केला, ही उडी एवढीच उंच का, हे ज्याला विचारावंसं वाटतं तो गेमर. मग हातात मोबाईल असो नाहीतर जत्रेतला ब्रिक गेम.

आता आतल्या खोलीबद्दल. तिथे एक जुना डब्बा टीव्ही आहे, काचेच्या ट्यूबचा, आणि त्याच्यावर डक हंट, खेळण्यातल्या बंदुकीने स्क्रीनवरची बदकं मारायचा गेम. आमच्या पिढीच्या घरात जी मशीन होती ती खरं म्हणजे निन्टेन्डोने १९८३ मध्ये जपानमध्ये काढलेल्या फॅमिकॉमची नक्कल, आपण तिला नुसतं व्हिडिओ गेम म्हणायचो, पिवळी कॅसेट, वर ९९९९ इन १ लिहिलेलं आणि आत तेच तेच पाच-सहा गेम. आजची पोरं काकांना विचारतात ही बंदूक आमच्या घरच्या मोठ्या टीव्हीवर का नाही चालत, आणि काका ते इतकं सुंदर समजावतात की मी अजून दोनदा ऐकायला तयार आहे. बंदुकीतून काहीच बाहेर जात नाही, बंदूक फक्त बघते. ट्रिगर ओढला की स्क्रीन एक क्षण पूर्ण काळी होते आणि लगेच बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो, नळीतला सेन्सर एवढंच तपासतो की अंधारानंतर उजेड आला का. आला तर बदक पडलं. डब्बा टीव्ही चित्र तत्काळ दाखवतो, त्याच वेळेच्या भरवशावर सगळा गेम बांधलाय. एलईडी टीव्ही तेच चित्र थोडं सावकाश दाखवतो, उशीर असतो काही मिलीसेकंदांचा पण तेवढ्यात मशीनने नेम चुकला असं ठरवून टाकलेलं असतं. म्हणून काका तो टीव्ही जिवापाड जपतात, तो गेला की हा गेम पण गेला. आणि अजून एक, एका बदकाच्या खेळात दुसऱ्या कंट्रोलरने बदक उडवता येतं हे मला एवढी वर्षं माहीत नव्हतं! आता एक पोर नेम धरतं आणि दुसरं बदक पळवतं, आणि त्या खोलीत जो आरडाओरडा होतो तो गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येतो.

कॉन्ट्रा हा जुना गोळीबाराचा गेम पण आहे. तीस लाईफवाला कोड आपल्या सगळ्यांना पाठ आहे, कंट्रोलरची बटणं या क्रमाने दाबायची, वर वर खाली खाली डावी उजवी डावी उजवी बी ए. हा कोड काझुहिसा हाशिमोतो या कोनामी या गेम कंपनीतल्या माणसाने आधी १९८६ च्या ग्रेडियस या गेममध्ये टाकला होता, त्याला टेस्टिंगला स्वतःचाच गेम पुढे जाईना म्हणून, आणि विकायला जाईपर्यंत तो काढायचा राहून गेला. हाशिमोतो फेब्रुवारी २०२० मध्ये गेले. त्या संध्याकाळी काकांनी जुन्या मशीनवर खेळणाऱ्या सगळ्यांना फुकट खेळू दिलं, अट एकच, कोड टाकताना कोणाचा कोड आहे ते आठवा. जपानमधल्या एका माणसासाठी मालवणच्या गल्लीत कोणीतरी एवढं केलं हे मी बरेच दिवस लोकांना सांगत होते.

आणि सोपा मोड खेळणाऱ्यांना हसणाऱ्यांनी याच कोडचा विचार करावा. ज्याने गेम बनवला त्यालाच सोपं करून घ्यावं लागलं. २०१८ च्या सेलेस्ट या गेममध्ये तर असिस्ट मोड, म्हणजे गेम सोपा करून घ्यायची सोय, बनवणाऱ्यांनीच दिलाय, वेग कमी करा, दम संपूच देऊ नका, काय पाहिजे ते करा. काकांकडे एक खलाशी दादा येतात, बोटीवर जाळं ओढताना त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेलीत. त्यांना फुटबॉलचा गेम आवडतो. काकांनी पीएस फोरच्या सेटिंगमध्ये जाऊन बटणं बदलून दिली, उजवीकडच्या खांद्याची बटणं डावीकडे घेतली, त्यांच्या नावाने ती सेटिंग वहीत लिहून ठेवलीये आणि ते आले की पाच मिनिटं आधी लावून ठेवतात. ते दादा माझ्या भाच्याला आरामात हरवतात. याला कोणी हा खरा गेम नाही म्हणून दाखवावं.

मुलींबद्दल लिहायलाच पाहिजे. मी शाळेत असताना बाजारात नाण्यावर चालणारी मोठी मशीन यायची, तिच्यावरच्या गेमला सगळे नुसतं मुस्तफा म्हणायचे, खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स, कॅपकॉम कंपनीचा, १९९३ चा. त्यात हॅना नावाची बाई घेऊन खेळता यायचं, पण त्या दुकानात मुलीने जायचं म्हणजे दहा जण वळून बघणार, म्हणून मी दारातून बघायचे आणि भाऊ खेळायचा. गेममध्ये मुलगी चालत होती, दुकानात नव्हती. काकांच्या दुकानात हे अजिबात नाही. दरवाजा उघडा, पडदा नाही, आत ट्यूबलाईट लख्ख, खेळताना आईबहिणीवरून शिवी दिली की कंट्रोलर खाली ठेवायचा आणि घरी जायचं, मग कोणाचाही मुलगा असो. शनिवारी देवबागवरून दोन बहिणी येतात, मोठी टेकन हा मारामारीचा गेम खेळते, धाकटी तिच्या मांडीवर वही ठेवून चाली लिहून घेते. आईपण येते कधीकधी आणि बाहेर बाकावर बसून मासळीच्या भावाबद्दल बोलत असते. हे वातावरण आपोआप होत नाही, कोणीतरी ठरवून रोज सांभाळावं लागतं.

दुसरा नियम पैशाचा. मॅचवर पैसे लावायचे नाहीत, दहा रुपये सुद्धा नाही. "पैसे लावन खेळूचा आसात तर भायर जावा" असं स्पष्ट सांगतात. हा नियम त्यांच्याकडे सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये पैशाच्या ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदा केला त्याच्या खूप आधीपासून आहे. त्या कायद्याने ई-स्पोर्ट्स, म्हणजे खेळाच्या स्पर्धा म्हणून होणारे गेम, वेगळे मानलेत आणि पैसे लावून खेळायचे गेम वेगळे, आणि ते योग्यच आहे, पण आपल्याकडे अजून बऱ्याच घरांत गेम म्हटलं की रमीचं ॲप डोळ्यासमोर येतं आणि पोराला ओरडा बसतो. अशा पालकांनी एकदा इथे येऊन अर्धा तास बसावं असं मला मनापासून वाटतं. तिसरा नियम मला सगळ्यात आवडतो, जो जिंकला त्याने हरलेल्याला एक गोष्ट शिकवायची आणि मगच पुढची मॅच. हरलेलं पोर रडकुंडीला आलं की काका म्हणतात, "हारलंस तर हारलंस, कसो हारलंस ता बघ."

आता रिपेअर, ज्यासाठी कणकवली-वेंगुर्ल्यापासून लोक येतात. आपल्याकडची हवा मशिनींची वैरी आहे, समुद्राची खारी हवा आणि चार महिने दमट, स्क्रू गंजतात, टीव्हीची केबल लावायच्या एचडीएमआय पोर्टावर हिरवट थर येतो, डिस्कच्या लेन्सवर बुरशी धरते. काका कॅसेटचे पाय (मशीनला टेकणाऱ्या धातूच्या पट्ट्या) आणि पोर्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसतात आणि कोणी पोर कॅसेट फुंकायला लागलं की लगेच, "फुकू नको रे, थुकी जाता आत." खरं आहे ते, फुंकून चालू झाल्यासारखी वाटायची ती कॅसेट काढून परत बसवल्यामुळे, फुंकरीने उलट ओल जाते आणि पाय गंजतात. माझ्या पीएस फोरचा पंखा विमानासारखा ओरडत होता, त्यांनी उघडला, आतला सुकून कडक झालेला थर्मल पेस्ट (चिपची उष्णता बाहेर काढणारा लेप) खरवडून नवीन लावला, धूळ काढली, आणि काढलेली सगळी घाण मला कागदावर दाखवली. घेतले ४०० रुपये.

कंट्रोलरची काडी आपोआप सरकायला लागते, माणूस उभा असतो आणि स्क्रीनवरचा चालायला लागतो, ते ड्रिफ्ट त्यांच्याकडे सगळ्यात जास्त येतं. काडीच्या खाली कार्बनची पट्टी असते आणि तिच्यावर एक छोटी पत्ती घासत फिरते, घासून घासून पट्टी झिजते आणि कंट्रोलरला काडी मध्ये आहे की बाजूला हे कळेनासं होतं. काका आधी साफ करून बघतात, साफ करून भागलं तर ५०च रुपये घेतात. नाही भागलं तर तुम्हाला विचारतात, साधी काडी बसवू की चुंबकवाली. चुंबकवाल्या हॉल इफेक्ट काडीत काही घासतच नाही, चुंबक फिरतो आणि सेन्सर लांबून मोजतो, म्हणून ती तशी झिजत नाही. आणि हे तंत्र नवीन नाही, सेगा कंपनीच्या १९९८ च्या ड्रीमकास्ट या मशीनच्या कंट्रोलरमध्ये होतं, काकांकडे तो कंट्रोलर उघडून ठेवलेला आहे, तुम्ही विचारलं की दाखवतात. महाग काडी विकायची म्हणून कधी गळ्यात मारत नाहीत, जो फक्त सुट्टीत खेळतो त्याला साधीच बसव म्हणतात.

त्यांनी दिलेले सल्ले मी पाळते आणि फरक पडलाय, म्हणून लिहिते. पावसाळ्यात मशीन रोज थोडा वेळ तरी चालू ठेवा, आतल्या गरमीने ओल धरत नाही. कंट्रोलर आणि डिस्क घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या टाकून. मे महिन्यात वळवाचा गडगडाट सुरू झाला की नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग काढा आणि इंटरनेटची केबल पण काढा, वीज तिकडून पण येते. मशीन कपाटात कोंबू नका, मागे हवा खेळू द्या.

टेबलाच्या वर एक फळी आहे, तिच्यावर प्लेस्टेशन टूची मेमरी कार्डं, ज्यात खेळलेला गेम साठवला जातो, ८ एमबीची, प्रत्येकावर चिकटपट्टी लावून नाव. ज्या पोरांनी इथे सॅन अँड्रियास आणि गॉड ऑफ वॉर हे गेम खेळले ती आता मुंबईत, पुण्यात, आखातात नोकरीला आहेत, गणपतीला चाकरमानी म्हणून येतात आणि आपलं कार्ड मागून जिथे सोडला होता तिथून गेम पुढे खेळतात. शेजारी एक जाड वही आहे, कुठल्या मशीनचा कुठला कपॅसिटर कधी बदलला, कुठला गेम कुठल्या मशीनवर अडकतो, सगळं त्यात. मला आधी वाटायचं ही नुसती हौस आहे. पण अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने २०२३ मध्ये अभ्यास केला, तिथे २०१० च्या आधी आलेल्या गेमपैकी ८७ टक्के आता बाजारात विकतच मिळत नाहीत. आणि नव्या गेमचं तर अजून वेगळं, द क्रू हा २०१४ चा गाड्यांचा गेम, त्याचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद झाले आणि डिस्क कपाटात असून लोकांचा गेम बंद पडला. पुस्तकं जपायला वाचनालयं आहेत, आपल्या प्रत्येक तालुक्यात आहेत. गेम जपायला अशी माणसंच आहेत, टेबलावर सोल्डरिंग गन घेऊन बसलेली. यासाठी मला काकांबद्दल खूप आदर वाटतो आणि तो मी तोंडावर पण सांगितलाय.

जुन्याचं वेड असलं तरी काका नव्याला नावं ठेवत नाहीत. पुण्याच्या नॉडिंग हेड्स या कंपनीचा राजी हा गेम २०२० मध्ये आला तेव्हा दुकानातल्या प्रत्येकाला जबरदस्तीने एक लेव्हल खेळायला लावली, आपल्या जवळच्या पोरांनी केलाय बघा म्हणून. आणि टेट्रिसचा प्रसंग तर सांगायलाच हवा. निन्टेन्डोवरचा १९८९ चा टेट्रिस, वरून पडणारे ठोकळे रचायचा गेम, २९ व्या लेव्हलला ठोकळे इतके वेगाने पडतात की त्यापुढे माणसाला शक्यच नाही असं वर्षानुवर्षं मानत होते. मग लोकांनी बटण दाबायची पद्धतच बदलली, आधी बोट थरथरवून दाबायला लागले, मग कंट्रोलर उलट्या बाजूने बोटांनी टपटपवायला लागले, आणि डिसेंबर २०२३ मध्ये ओक्लाहोमातल्या १३ वर्षांच्या पोराने १५७ व्या लेव्हलपर्यंत नेऊन गेमच गोठवला, म्हणजे मशीनच पुढे जाऊ शकलं नाही. काकांनी तो व्हिडिओ मोठ्या टीव्हीवर लावला होता, आजूबाजूचे दुकानदार पण येऊन उभे होते. गेमपेक्षा ते पोर किती तरी लहान आणि त्याने तो संपवला. त्या आठवड्यात आतल्या खोलीत टेट्रिसला रांग होती आणि सगळी पोरं बोटं टपटपवायची प्रॅक्टिस बाकावर करत होती.

काय सुधारायला हवं ते पण लिहिते कारण काकांनीच सांगितलं होतं लिही म्हणून. खुर्च्या बदलायला पाहिजेत, पीसीच्या समोरची एक तर डुलते. एप्रिल-मे मध्ये दुपारी खोली भट्टीसारखी तापते, दोन पंखे पुरत नाहीत. बाथरूम मागच्या अंगणातून जावं लागतं, मुलींसाठी रात्री अडचणीचं आहे, निदान एक दिवा तरी लावावा. लाईट गेली तर इन्व्हर्टरवर फक्त दोन मशिनी चालतात, पण तेव्हा वेळ थांबवतात, पैसे कापत नाहीत. पीसीवर नवीन जड गेम चालणार नाहीत, त्या अपेक्षेने येऊ नका. रिपेअरला वेळ लागतो, एकटेच करतात आणि घाई केली तर मशीन परत हातात देतात.

खायला आत काही न्यायचं नाही, तेलकट हाताने कंट्रोलर धरू देत नाहीत, दारात बादली आणि साबण ठेवलाय. समोर सोलकढी आणि वडे मिळतात, ते खाऊन हात धुवून जा. पर्यटक असाल तर पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्या बंद असतात तेव्हा पोरांना घेऊन इथे यायला उत्तम, आतली जुनी खोली नक्की मागा, स्वतःहून सगळ्यांना दाखवत नाहीत. बाजाराच्या दिवशी गाडी गल्लीत शिरत नाही, बाहेर लावून चालत जा. आणि कोणाला कंट्रोलर नाहीतर मशीन दुरुस्तीला द्यायची असेल तर श्रावण लागताच द्या, चतुर्थीच्या आधीच्या पंधरवड्यात चाकरमान्यांच्या मशिनींचा ढीग पडलेला असतो आणि मग काका दिवाळीशिवाय हात लावत नाहीत.